सरासरी बिल

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
भरदुपारी पडदे ओढून आम्ही अंधार करतो
आणि मग त्या अंधारात उजेड मोजत बसतो.

धायबरकाका. वय त्र्याहत्तर.
तक्ता सहा मीटरवर. नाही.
तीनवर. नाही.
"तक्ता आहे ना तिथं?" त्यांनीच विचारलं,
तेही कपाटाकडे बघून.

अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं.
हात वर धरला. बोटं किती?
आधी मराठीत, मग सवयीनं, केटली?
दोन, म्हणाले. होती तीन.
मग म्हणाले तीन. होती तीनच,
पण तोवर माझा हात नकळत पुढं सरकला होता.
लिहायला घेतलं : बोटं मोजतात, दोन फूट.
माझ्याआधी इथं त्रिवेदीसाहेब होते.
त्यांची बोटं राजेळी केळी, माझी गवारीच्या शेंगा.
त्यांच्या हातामागं पांढरा कोट असायचा,
माझ्या हातामागं निळी भिंत.
दोन फूट कुणाच्या बोटांचे, हे कागद विचारत नाही.

पेनाची कुरकुर ऐकून काका म्हणाले,
"काय लिहिलंत, बेन?"
सांगितलं.
"म्हणजे अंदाजे."

जरा थांबले.
"चौतीस वर्षं विजेच्या बोर्डात मीटर रीडर होतो.
मांडवीपासून दांडियाबाजारपर्यंत एकेक जिना.
जिन्याखाली सायकली, सायकलींमागं मीटर,
मीटरवर कोळ्याचं जाळं, जाळ्याआड आकडा.
टॉर्च दातांत धरायची, वही गुडघ्यावर.
कुलूप असेल त्याच घराला सरासरी बिल.
मी तर घरात आहे, बेन.
रीडिंग घ्या."

तक्ता खुंटीवरून उतरवला.
शिंप्याची फीत त्यांच्या डोळ्यापासून लावली, बरोब्बर एक मीटर.
दिवा वाढवला, त्यांना झगमगलं,
कमी केला.
अक्षरं नव्हेतच ही, तीन दात्यांचा एक कंगवा,
दाते कुठल्या बाजूला एवढंच सांगायचं.

समोर बघितलं की मधोमध राखाडी डाग.
"सरळ बघू नका," मी म्हटलं, "माझ्या कानाकडे बघा."
मान वळत गेली, हनुवटी उचलली,
पुन्हा थोडी मागं,
हँडल आणि सीटच्या फटीतून
आकडा धरायला वाकावं तशी.
मग थांबली.
"खाली."
बरोबर.
"डावीकडे. वर. हे नाही कळत.
थांबा, घाई नका करू. उजवीकडे.
पुढचं सोडा."
पाचांतली चार.
बाहेर तीन नंबर खोकत होता, खोकू दिला.

डाव्या डोळ्यासमोर हात हलवला.
"चकती फिरतेय," म्हणाले, "आकडा नाही."
मग टॉर्च. वरून, खालून, नाकाकडून,
तिन्ही वेळा बोट नेमकं उजेडाकडं.
कानाकडून दाखवली तेव्हा गप्प.
एकदा मी मुद्दाम बंद ठेवली, तरी "आहे" म्हणाले.
नाही म्हटल्यावर कसनुसं हसले,
"मेन स्विच पाडल्यावरसुद्धा
कधी कधी चकती बोटभर सरकायची.
ती धरायची नाही."

लिहिलं : उजवा, एक मीटर, वरची ओळ, पाचांत चार.
डावा, हात हलतो, एक फूट. उजेड, तीन बाजूंनी.
दाखल्याच्या खिडकीवर या सगळ्याला एकच खाना आहे,
त्यांना ठाऊक होतं.
तरी दोनदा वाचून घेतलं.
पाचांत चार, स्वतःशीच म्हणाले.

"आणि मागचं रीडिंग?"
फाईल उलटली.
बोटं मोजतात, दोन फूट.
त्याआधी? बोटं मोजतात, दोन फूट.
त्याआधीही. अक्षर त्रिवेदीसाहेबांचं, शेवटची दोन पानं माझ्या हातची.

काठी चाचपत उठले.
"बघा," म्हणाले,
"तीन वर्षं घर बंद दाखवलंय.
आणि मी आतच बसलेलो."